एकट्याची वाट, घरच्यांचं घड्याळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात. आपली दिवाळी तेव्हा नुकतीच होऊन गेलेली असते किंवा तोंडावर आलेली असते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या आतच मावळतो. शहरातल्या माणसाला एवढंच जाणवतं, की ऑफिसातून निघेपर्यंत अंधार झाला. डार्टमूरच्या माळावर एकट्यानं चालणाऱ्याचा मात्र संध्याकाळचा अख्खा तास गेलेला असतो. पुढचे दोन महिने दिवस आखडतच जातो. डिसेंबरात तिथे सव्वाचारला सूर्यास्त होतो.

हे मराठी वाचकाला सांगायचं कारण असं, की राजगड-तोरण्यावर पाय तयार झालेली आपली मुलं आज ब्रिस्टल, एक्सेटर, लंडनमध्ये शिकतात, नोकऱ्या करतात. शनिवार मोकळा मिळाला की पाठीवर सॅक टाकून निघायची सवय ती सोबत नेतात. २०२१च्या नोव्हेंबरपासून एक्सेटर ते ओकहॅम्प्टन ही रेल्वे पुन्हा नियमित धावू लागली. त्यामुळे गाडी नसलेला विद्यार्थीसुद्धा सकाळी निघून मूरच्या पायथ्याशी पोहोचू शकतो. नव्या शहरात ट्रेकचा ग्रुप जमायला वेळ लागतो, म्हणून पहिली वाट बरेचदा एकट्यानंच चालली जाते. घरी फोन येतो, ‘आई, उद्या डार्टमूरला जातेय. एकटीच.’ या फोनवर काय बोलावं, हा या लेखाचा खरा विषय आहे.

सह्याद्रीची शिदोरी कुठे अपुरी पडते

मूर म्हणजे उंचावरचं, वारा खाणारं, ओलं माळरान. डार्टमूर राष्ट्रीय उद्यान १९५१ साली झालं. त्याचं क्षेत्रफळ ९५४ चौरस किलोमीटर. सर्वोच्च बिंदू हाय विल्हेज, उंची ६२१ मीटर. आपल्याकडचा माणूस हा आकडा ऐकून निर्धास्त होतो. सिंहगडाची उंची याच्या दुपटीहून जास्त. इथे कडा नाही, कातळटप्पा नाही, दोराची गरज नाही. लांबवर पसरलेली गवताळ उतरण आणि तिच्या माथ्यावर ग्रॅनाइटच्या खडकांचे ढिगारे दिसतात. त्यांना तिथे टॉर म्हणतात.

सह्याद्री माणसाला तीन गोष्टी शिकवतो: कड्याला भ्यावं, उन्हाला भ्यावं आणि वाट चुकली तर वाडीवर जाऊन विचारावं. डार्टमूरच्या उत्तर भागात या तिन्हींचा उपयोग थोडाच. उन्हाची भीती वर्षातले काही दिवस. वाडी तर नाहीच. मैलोन् मैल घर नाही, धनगराचा वाडा नाही, ‘मामा, वाट कुठली?’ असं विचारायला माणूस नाही. मळलेली वाट म्हणून आपण ज्यावर विश्वास टाकतो ती अनेकदा मेंढ्यांनी किंवा मोकळ्या चरणाऱ्या तट्टांनी पाडलेली असते. ती हव्या त्या ठिकाणी सुरू होते आणि दलदलीच्या काठाशी संपते.

पावसाचंही तसंच. मूरच्या मधोमध, सव्वाचारशे मीटर उंचीवर प्रिन्सटाउन नावाचं गाव आहे. तिथे वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वर पाहिलेल्याला हा आकडा किरकोळच वाटणार. पण आपला पाऊस चार महिन्यांचा आणि कोमट. त्यात भिजायला आपण मुद्दाम जातो. प्रिन्सटाउनचा पाऊस बाराही महिने वाटून पडतो आणि जानेवारीत तो शून्याच्या जरा वर असलेल्या हवेत, आडव्या वाऱ्यासकट अंगावर येतो. तिथे भिजणं ही मजा नव्हे. ती अपघाताची पहिली पायरी आहे.

मूरवरचा धोका उंचीचा कमी आणि उशिराचा जास्त. धुकं येतं, वेग मंदावतो. वेग मंदावला की उजेड संपतो. उजेड संपला की पाय ओल्यात पडतो, आणि ओलं अंग थांबलं की गारठतं. यातली एकही गोष्ट सुटी घेतली तर जीवघेणी नाही. सोबत माणसं असली तर साखळी कुठेतरी तुटते. कोणीतरी म्हणतं, ‘बास, परत फिरू.’ एकट्याला हे म्हणणारं कोणी नसतं. म्हणून ते वाक्य निघण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवावं लागतं.

चकवा आणि होकायंत्र

कोकणात रानात वाट चुकून माणूस पुन:पुन्हा त्याच जागी आला की म्हणतात, चकवा लागला. डार्टमूरवर हेच काम पिक्सी नावाची बुटकी भुतं करतात अशी जुनी समजूत आहे. त्यावर तिथला उपाय म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालायचा. दोन्ही मुलखांतल्या माणसांना आलेला अनुभव मात्र खरा होता. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सौमन आणि त्यांचे सहकारी यांनी याची परीक्षा घेतली. काही जणांना जर्मनीतल्या घनदाट सपाट जंगलात आणि काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरलेलं असताना ती गोल फिरली. आपलीच वाट ओलांडून गेली तरी त्यांना कळलं नाही, आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती.

मूरवरचं धुकं हे नेमकं करतं. ते बाहेरून चालत येत नाही, ढगच खाली बसतो. समोरचा टॉर दिसत असतो, दहा मिनिटांनी तो नसतो, आणि मग स्वतःच्या बुटांपासून पंधरा-वीस पावलांपलीकडे काहीच नसतं. अशा वेळी मेंढी घोड्याएवढी दिसते, लहानसा दगड टॉर वाटतो. ‘मला वाटतं इकडेच’ या भावनेला तेव्हा काडीची किंमत देऊ नये.

यावर उपाय जुनाच आहे: कागदी नकाशा, होकायंत्र आणि दोन्ही वापरण्याचा सराव. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० प्रमाणातल्या ‘ओएल २८’ या नकाशात सगळं डार्टमूर येतं. त्यावर चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. फोनमधला नकाशा अवश्य असावा, पण थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. फोन होकायंत्राजवळ धरू नये. त्यातल्या चुंबकानं सुई बिघडते, कधी कधी कायमची उलटीसुद्धा होते.

मूरवर चालणारी जाणती माणसं धुक्यात लांबचं लक्ष्य धरत नाहीत. मोठा पल्ला ती छोट्या तुकड्यांत मोडतात: इथून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत चारशे मीटर, तिथून ओढ्यांच्या संगमापर्यंत सहाशे. शंभर मीटरला आपली किती पावलं पडतात हे आधी मोजून ठेवतात. प्रत्येक तुकड्याच्या पलीकडे एक थांबवणारी खूण ठरवतात. तो ओढा लागला म्हणजे आपण पुढे आलो, मागे फिरायचं. ओढ्यावरचा पूल गाठायचा असेल तर ती थेट पुलाची दिशा धरत नाहीत, मुद्दाम थोडी डावीकडची धरतात. ओढ्याशी पोहोचल्यावर पूल उजवीकडेच असणार हे मग ठाऊक असतं. एकट्या माणसाला ही खात्री फार मोलाची.

धुक्याची ही अडचण आजची नाही. मध्ययुगात मूर ओलांडणाऱ्यांसाठी ग्रॅनाइटचे क्रूस वाटेवर उभे केले गेले. त्यातल्या नन्स क्रॉसचा उल्लेख १२४०च्या सीमा-पाहणीत सापडतो. उत्तरेच्या दलदलीत फ्रँक फिलपॉट्स या गृहस्थानं गुरांना आणि घोडेस्वारांना पलीकडे जाता यावं म्हणून पीटचा थर कापून टणक जमिनीवरून जाणाऱ्या वाटा मोकळ्या केल्या. १९०९ साली तो वारल्यावर त्याच्या घरच्यांनी त्या वाटांच्या तोंडाशी दगडी खांब रोवून त्यांवर धातूच्या पाट्या बसवल्या. आजही नकाशात त्या ‘पीट पास’ म्हणून सापडतात आणि धुक्यात चाचपडणाऱ्याला असा खांब दिसला तर जीव भांड्यात पडतो.

पाय कुठे ठेवायचा

पीट म्हणजे हजारो वर्षं पुरती न कुजता साचलेली वनस्पती. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीनं ती वाढते. काळी, मऊ आणि पाण्यानं तुडुंब. तिच्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, ते स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतं. कॉनन डॉयलच्या ‘बास्करव्हिल’च्या कादंबरीतली माणसं गिळणारी दलदल फॉक्स टॉर मायर या खऱ्या दलदलीवरून सुचली असं मानलं जातं. तिथली भीती कादंबरीची आहे, सावधगिरी मात्र खरी हवी.

जमीन वाचायला शिकता येतं. जांभळट हेदरची झुडपं आणि नेच्याचं रान सहसा कोरड्या जागी असतं. पांढरे कापसासारखे तुरे वाऱ्यावर डोलताना दिसले की समजावं, तिथे पाणी आहे. आणि सपाट, लुसलुशीत, डोळ्यांत भरणारा पोपटी हिरवा तुकडा दिसला तर त्यावर पाय ठेवूच नये. ते शेवाळाचं पातळ पांघरूण असतं आणि खाली पाणी. काठीनं टोचलं तर चार-पाच फुटांवरची साय थरथरते. यांना तिथले लोक ‘पिसांची गादी’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात.

पाय रुतलाच तर ओढाताण करू नये. माणसाचं शरीर या चिखलापेक्षा हलकं असतं, त्यामुळे तो पुरता बुडत नाही, अडकतो. सॅक काढून पुढे टाकावी, मागे किंवा बाजूला झुकून वजन पसरावं, पाय हळूहळू हलवत एकेक मोकळा करावा आणि आलो त्याच दिशेनं, शक्य तर आडवं होऊन, बाहेर यावं. अडकण्याचा खरा तोटा पुढे कळतो: आता कमरेपर्यंत भिजलो आहोत आणि चालायचे आणखी तीन तास उरले आहेत.

दलदलीपेक्षा ओढे धोकादायक. ओली पीट आणखी पाणी धरू शकत नाही, पडलेला पाऊस थेट ओढ्यात उतरतो. सकाळी टाचेपर्यंत असलेलं पाणी दुपारी मांडीला लागतं. ब्रिटिश लष्कर १९६० पासून डार्टमूरवर ‘टेन टॉर्स’ हा किशोरांचा मोठा उपक्रम भरवतं. मे महिन्यात २४०० मुलं सहा-सहाच्या गटांनी दोन दिवसांत ३५, ४५ किंवा ५५ मैल चालतात. २००७च्या मार्चमध्ये त्याच्या सरावासाठी आलेली १४ वर्षांची मुलगी फुगलेल्या वॉला ब्रुक ओढ्यात वाहून गेली आणि दगावली. ती एकटी नव्हती, सोबत मैत्रिणी होत्या. एकट्या माणसानं यातून एकच नियम घ्यावा: फुगलेला ओढा ओलांडायचा नाही. वर जाऊन अरुंद जागा बघा, दूरच्या पुलापर्यंत चाला, नाहीतर परत फिरा. म्हणूनच वाट आखतानाच प्रत्येक ओढ्यासाठी दुसरा पर्याय नकाशावर हेरून ठेवायचा.

उत्तर मूरचा बराच भाग लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा आहे: ओकहॅम्प्टन, विल्सवर्दी आणि मेरिव्हेल. तिथल्या वेळा आधी प्रसिद्ध होतात. दिवसा टेकड्यांवर लाल निशाणं चढतात, रात्री लाल दिवे लागतात. सीमेवर लाल-पांढरे खांब असतात. निशाण वर असेल तर आत जायचं नाही, आणि एरवीसुद्धा जमिनीवर पडलेल्या धातूच्या वस्तूला हात लावायचा नाही. सापाची धास्ती आपल्याला जास्त असते, पण तिथला एकमेव विषारी साप, ॲडर, क्वचितच चावतो. त्यापेक्षा नेच्यातून चालून आल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघावं. त्यातून लाइम रोग होऊ शकतो.

थंडी आधी अक्कल नेते

फॉक्स टॉर मायरच्या काठावर ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर एक क्रूस आहे, चाइल्ड्स टूम. दंतकथा अशी: चाइल्ड नावाचा धनाढ्य शिकारी हिमवादळात सोबत्यांपासून फुटला. ऊब मिळावी म्हणून त्यानं आपला घोडा मारला आणि त्याच्या पोटात शिरून बसला. तरीही तो गोठून मेला. कथेत सत्य किती हे बाजूला ठेवू. घोडा होता तोवर त्याच्यापाशी परतीचं साधन होतं आणि गारठलेल्या डोक्यानं त्यानं तेच कापलं, हे मात्र थंडीनं पछाडलेल्या माणसाचं अगदी खरं वर्णन आहे.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. बर्फच हवं असं नाही. पाच-सात अंशांची हवा, वारा आणि ओले कपडे एवढं पुरतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता काढून घेतं. आधी हुडहुडी भरते, मग बोटं ऐकेनाशी होतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडचिडा आणि अबोल होतो. पुढे हुडहुडी थांबते. माणसाला वाटतं बरं वाटू लागलं, पण तीच सगळ्यात वाईट खूण.

गटात हे दुसऱ्याच्या लक्षात येतं. एकट्यानं स्वतःची परीक्षा घ्यायची: हातमोजा काढून अंगठा करंगळीला टेकवायचा. टेकत नसेल तर चालत राहून भागणार नाही. लगेच वाऱ्याच्या आडोशाला जावं, कोरडा गरम थर चढवावा, गोड काहीतरी खावं आणि सर्व्हायव्हल बॅगमध्ये शिरावं. ही नारिंगी प्लॅस्टिकची माणूसभर पिशवी, किंमत किरकोळ, वजन नगण्य. ती सॅकमध्ये असलीच पाहिजे. सुती टीशर्ट आणि जीन्स घरी ठेवाव्यात, कारण सूत पाणी धरून ठेवतं. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक कापड, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर पाणी आणि वारा अडवणारं जाकीट. कानटोपी, हातमोजे दोन जोड्या, हेडटॉर्च आणि त्याच्या जादा बॅटऱ्या. घरून निघताना ऊन असलं तरी हे सगळं हवं.

वेळेचा हिशेबही घरीच करावा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं दिलेला नियम आजही वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. मेल्डनच्या धरणापासून हाय विल्हेज आणि येस टॉर करून परत यायला या हिशेबानं तीनेक तास लागावेत. पण गवताच्या गुठळ्या, ओली जमीन आणि वारा धरला तर एकट्यानं पाच तास गृहीत धरावेत. आणि मागे फिरायची वेळ ठरवावी. ठरलेल्या मिनिटाला टॉर शंभर मीटरवर असला तरी वळायचं.

घरच्यांचं घड्याळ

आता त्या फोनकडे येऊ. एकट्यानं चालणाऱ्याची सगळ्यात मोठी सुरक्षा त्याच्या सॅकमध्ये नसते. तो परत आला नाही हे वेळेवर कुणाच्या तरी लक्षात येणं, आणि त्या माणसाला पुढे काय करायचं हे ठाऊक असणं, ही ती सुरक्षा. दलदलीत पाय मुरगळून बसलेला माणूस रात्र काढू शकतो, तो सापडेल का हे मात्र मागच्यांवर अवलंबून असतं.

म्हणून निघण्यापूर्वी एक कागद लिहून द्यायचा. वाट कुठून कुठे, वाटेतली ठिकाणं, बिघडलं तर उतरायची पर्यायी वाट. जाकिटाचा आणि सॅकचा रंग. गाडी असेल तर नंबर आणि ती कुठे लावली. काही आजार, औषधं. मग दोन वेळा: परतीची आणि गजराची. समजा तीनला परत येणार, तर पाचचा गजर. पाचपर्यंत निरोप नाही तर वाट बघत बसायचं नाही, मदत मागायची. ‘कशाला उगाच लोकांना त्रास’ हा विचार त्या वेळी करायचा नाही, कारण तो आधीच करून वेळ ठरवलेली आहे. चालणाऱ्यानंही आपलं वचन पाळायचं. परत आल्यावर आंघोळ नंतर, आधी फोन. नाहीतर सुखरूप झोपलेल्या माणसाला शोधायला स्वयंसेवक रात्रभर चिखल तुडवतात.

पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या आईबाबांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हिवाळ्यात डेव्हनमध्ये संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. शिवाय ९९९ हा ब्रिटनचा आपत्कालीन क्रमांक भारतातून फिरवून तिथल्या पोलिसांना लागत नाही. त्यामुळे गजर सांभाळणारा पहिला माणूस ब्रिटनमध्येच हवा: खोलीतली मैत्रीण, ऑफिसातला सहकारी, घरमालकीण. आईबाबा दुसरी कडी. त्यांच्याकडे त्या पहिल्या माणसाचा नंबर आणि तिथल्या पोलीस दलाचा परदेशातून लागणारा नेहमीचा क्रमांक लिहून ठेवलेला असावा. रात्री साडेदहाला शोधायची ती गोष्ट नव्हे.

ब्रिटनमध्ये ९९९ किंवा ११२ फिरवायचा, आधी ‘पोलीस’ मागायचे आणि मग ‘माउंटन रेस्क्यू’. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर हा फोन लागतो. रेंज अगदीच फिकी असेल तर एसएमएसनं मदत मागता येते, पण त्यासाठी ब्रिटिश सिमवरून ‘रजिस्टर’ हा इंग्रजी शब्द ९९९ला पाठवून नोंदणी आधीच करावी लागते. हे काम आज, घरी बसून करावं. नियमित एकट्यानं फिरणाऱ्यानं पर्सनल लोकेटर बीकन घ्यावा. ४०६ मेगाहर्ट्झवर तो थेट उपग्रहांना हाक देतो, त्याला फोनची रेंज लागत नाही. हे काहीच नसेल तर शिट्टी आहेच. मिनिटभरात सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. उत्तर आलं तरी वाजवणं थांबवायचं नाही, येणाऱ्यांना दिशा त्यावरूनच कळते.

येणारी माणसं पगारी नसतात. डार्टमूरवर ॲशबर्टन, ओकहॅम्प्टन, प्लिमथ आणि टॅव्हिस्टॉक अशी चार पथकं आहेत, सगळी स्वयंसेवकांची. दिवसभर आपापली कामं करून ती रात्री बाहेर पडतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. लोणावळ्याच्या, पुण्याच्या, नाशिकच्या दऱ्यांत रात्री-अपरात्री उतरणारी आपली ट्रेकर मंडळीही अशीच. त्यांचं काम हलकं करायचं असेल तर देणगीआधी त्यांना नेमकी माहिती द्यावी. वाट लिहिलेला कागद असेल तर कुठून शोधायचं हे त्यांना कळतं. नसेल तर समोर ९५४ चौरस किलोमीटर.

जाऊ द्यावं का

जाऊ द्यावं. डार्टमूरच्या सामाईक जमिनींवर पायी फिरण्याचा हक्क १९८५च्या कायद्यानं प्रत्येकाला दिला आहे. त्यात उघड्यावर तंबू टाकून राहणंही येतं, हे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२५च्या मे महिन्यात शिक्कामोर्तब करून सांगितलं. हा हक्क परदेशातून शिकायला आलेल्या मुलीलाही तेवढाच आहे. एकट्यानं चालण्यात माणसाला जे मिळतं, स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी, स्वतःच्या भीतीची ओळख, चार तास न बोलता राहण्याची शांतता, ते गटात मिळत नाही. ते धोक्याच्या नावाखाली काढून घेऊ नये, विशेषतः मुलींकडून, ज्यांना ‘एकटी जाऊ नकोस’ हे वाक्य जन्मभर ऐकावं लागतं.

शिवाय ‘जाऊ नकोस’ म्हटल्यानं मुलगी जायची थांबत नाही. ती पुढच्या वेळी सांगायची थांबते आणि त्यासरशी तिची सगळ्यात मोठी सुरक्षा संपते. तेव्हा फोनवर विचारायचे प्रश्न तीनच: वाट कुठली, परत किती वाजता आणि तुझा निरोप आला नाही तर तिथे कुणाला फोन करायचा? उत्तरं लिहून घ्या, वेळ भारतीय घड्याळात करून घ्या. तीनही उत्तरं मिळाली तर मनापासून म्हणा, ‘जा, आणि उतरलीस की आधी फोन कर.’ एखादं मिळालं नाही, तर ते मिळेपर्यंत फोन ठेवू नका.